टी-शर्टचा फोन

अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या मराठी मंडळींत सुजाता गजभियेला बरीच वर्षं 'केबलवाली' म्हणत. तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण ती खोलीत आली की बोलणं अर्ध्यावर तुटायचं, कुणीतरी उगाच उठून चहा ठेवायला जायचं, आणि टीव्ही चालू असेल तर बंद व्हायचा. हे सगळं तिच्या लक्षात यायचं. लक्षात येण्याचाच तर तिला पगार होता.

ती मूळची नागपूरच्या इंदोऱ्याची. लग्न होऊन ओहायोत आली तेव्हा नवरा, लहू, युनिव्हर्सिटीत सिव्हिलची पीएचडी करत होता. विमानतळावर दोघांना घ्यायला प्रतिमामावशी आल्या होत्या. मावशी अमरावतीच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स. एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती व्हायची ती त्यांच्याच बेसमेंटमध्ये. चार घरं जमायची, वंदना व्हायची, मग जेवण. सुजाताला पहिला जाड कोट मावशींनी दिला, गाडी त्यांनी शिकवली, आणि केबल कंपनीतल्या नोकरीची जाहिरातही पेपरातून कापून त्यांनीच आणून दिली.

"फोनवर बोलायचं काम आहे," मावशी म्हणाल्या. "तोंड दिसत नाही. बरं असतं ते."

केबल टीव्हीत तेव्हा एक नवं खूळ आलं होतं. महिन्याचं बिल भरूनही काही कार्यक्रम कुलुपात असायचे: नवा सिनेमा, कुस्ती, बॉक्सिंगची मोठी मॅच. बघायचं असेल तर कंपनीला फोन करायचा, त्या एका कार्यक्रमाचे वेगळे पैसे कबूल करायचे, मग कंपनी तुमच्या टीव्हीवरच्या बॉक्सला इशारा पाठवणार आणि चित्र उघडणार. नाहीतर पडद्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा. याला पे-पर-व्ह्यू म्हणत. हे फोन घेण्याचं काम सुजाताचं. तिची सुपरवायझर मार्लीन, उंच, सिगरेटच्या वासाची बाई, पहिल्याच दिवशी म्हणाली की 'सुजाता' ऐकून लोक दोनदा विचारत बसतील, तू फोनवर सूझन हो. सुजाता सूझन झाली. अमेरिकन उच्चार तिने असे घोटले की एकदा लहूनेच ऑफिसात फोन केला आणि सूझनला सांगितलं, मला सुजाताशी बोलायचंय.

मॅचच्या दिवशी फोन थांबायचे नाहीत. सगळ्या लायनी लाल, बायका हेडफोन लावून जागेवरच सँडविच खात. कंपनीला वाटत होतं की आता जग असंच चालणार. आणि सुजाताला त्या फोनांतून माणसं कळू लागली. बायको घरात असताना कोण काय मागवतो, नसताना काय मागवतो. कोण आवाज खाली आणतो. कोण आधी हवापाण्याचं बोलतो आणि मग मुद्द्यावर येतो.

खरं तर हा कान तिला नागपूरहूनच मिळाला होता. इथे आल्यावर पहिल्या पिकनिकला गिरिजाकाकूंनी तिला विचारलं होतं, "गजभिये म्हणजे...?" आणि वाक्य तसंच सोडून दिलं होतं. गिरिजाकाकू म्हणजे दिगंबरकाकांच्या पत्नी, आणि दिगंबरकाका म्हणजे मंडळाचे आधारस्तंभ. त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा सुजाताला लहानपणापासून पाठ होता. "म्हणजे नागपूरचे," ती हसून म्हणाली होती. त्या दिवसापासून कुणी गोड बोललं की ती आधी त्यामागे काय आहे ते शोधायची.

काही वर्षांत चोरी सुरू झाली. कुणीतरी बॉक्स उघडायचं, आत एक चिप बसवायचं, की सगळी कुलुपं कायमची उघडी. कंपनीला ना फोन, ना पैसे. घरोघरी असे बॉक्स झाले तेव्हा कंपनीने चोऱ्या पकडायचा वेगळा विभाग काढला. मार्लीन त्याची प्रमुख झाली आणि तिने सुजाताला बरोबर घेतलं. "तुझा कोणावर विश्वासच नाही," ती म्हणाली. "मला असंच कुणीतरी हवंय."

मग सुजाताचा डोळा सुटीच्या दिवशीही सुटी घेईना. कुणाच्या घरी जेवायला गेली तरी नजर आधी टीव्हीवरच्या बॉक्सकडे. मागचा कंपनीचा स्टिकर फाटलाय का? स्क्रूवर ओरखडे आहेत का? दिगंबरकाकांकडे एकदा मॅच बघायला वीसेक माणसं जमली होती. सोमवारी ऑफिसात तिने पाहिलं तर त्या घरातून ऑर्डरच गेलेली नव्हती. ती गप्प बसली. त्या संध्याकाळी टीव्हीच्या मागे वाकून काहीतरी खुडबुड करत होता तो अतुल, पुण्याचा, इलेक्ट्रिकलमध्ये एमएस करणारा. सगळ्यांचे रेडिओ-व्हीसीआर दुरुस्त करून देणारा, हसरा, लहूचा लाडका.

"हा फुकट का करतो सगळ्यांचं?" तिने गाडीत विचारलं.

"अगं, आवड असते एकेकाला," लहू म्हणाला.

"आवड," सुजाता म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मग ती मॅच आली. हेवीवेट, वर्षातली सगळ्यात मोठी. मार्लीनने एक युक्ती काढली आणि विभागातल्या सगळ्यांकडून गुप्ततेचं वचन घेतलं. पैसे भरणाऱ्यांना मॅच एका वेगळ्याच चॅनेलवर दाखवायची. नेहमीच्या कुलूपबंद चॅनेलवरही तीच मॅच, पण मध्येच एक जाहिरात: 'या मॅचचा टी-शर्ट मोफत! उद्या सकाळी या नंबरवर फोन करा.' ही जाहिरात चोरीचा बॉक्स असलेल्याशिवाय कुणाला दिसणारच नव्हती. चोर स्वतः फोन करून नाव आणि पत्ता देणार होता, वर शर्टाचं मापही.

सुजाताने घरी चकार शब्द काढला नाही. लहूलाही नाही.

रविवारी सकाळी फोन सुरू झाले ते थांबेचनात. वकील, शिक्षक, एक पोलीस, चर्चचा एक पाद्री. सगळे खुशीत. ती नाव विचारायची, पत्ता विचारायची, माप विचारायची आणि 'थँक यू सो मच' म्हणायची. प्रत्येक फोन टेपवर जात होता, कोर्टात लागला तर असावा म्हणून. शेजारची मुलगी हसून हसून लाल झाली होती. सुजाताला हसू येत नव्हतं, पण खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं. आपण समजत होतो तसंच जग आहे.

मग एक फोन आला.

"हॅलो, गुड मॉर्निंग. आय अ‍ॅम कॉलिंग फॉर दॅट टी-शर्ट. माय सन वाँट्स मीडियम. बट इफ ओन्ली लार्ज, देन ऑल्सो ओके. व्हेरी काइंड ऑफ यू."

प्रतिमामावशी. 'व्हेरी काइंड ऑफ यू' असं त्या गावात दुसरं कुणी म्हणत नव्हतं. मावशींनी सूझनला ओळखलं नव्हतं. त्या नाव सांगायला तोंड उघडतायत हे तिला श्वासावरून कळलं.

विचार करायला वेळच नव्हता. "मावशी, नाव सांगू नका," ती मराठीत म्हणाली. "फोन ठेवा."

पलीकडून खट्.

सुजाताने पुढचा फोन घेतला. नाव, पत्ता, माप. थँक यू सो मच.

मंगळवारी मार्लीनने तिला खोलीत बोलावलं. दार लावलं. टेबलावर टेपरेकॉर्डर होता आणि शेजारी कंपनीचा वकील बसला होता. टेप वाजली. ती परक्या भाषेतली दोन वाक्यं खोलीत फार मोठी वाटली.

"ही कुठली भाषा?"

"मराठी."

"काय म्हणालीस?"

"लाइन खराब होती. म्हटलं, ऐकू येत नाही, परत फोन करा."

"ती भारतीय आहे हे तुला कसं कळलं?"

"उच्चारावरून."

मार्लीनने ती दोन वाक्यं परत लावली. चोरांच्या आवाजातला खोटेपणा कसा ओळखायचा हे याच बाईने सुजाताला शिकवलं होतं.

वकील म्हणाला, "आम्ही युनिव्हर्सिटीतून ही भाषा जाणणारा कुणीतरी बोलावलाय."

आणि गुरुवारी त्याच खोलीत अतुल येऊन बसला.

सुजाताला वाटलं, संपलं. काकांच्या टीव्हीमागे वाकलेला तो माणूस. गोड हसणारा. याच्या हातात आपली नोकरी, लहूच्या ग्रीन कार्डाची आशा, मावशींची अब्रू. मार्लीनने सांगितलं होतं, तू एक शब्द बोलायचा नाही. त्याने सुजाताकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही. वकिलाने त्याला सांगितलं, 'लाइन खराब होती, परत फोन करा' असं म्हटल्याचं ही सांगते, ते खरं का बघा. टेप ऐकली. परत लावा म्हणाला. परत ऐकली. कपाळावरचा घाम पुसला.

"क्लिअर नाही येत," तो म्हणाला. "पण ती म्हणतेय, आँटी, नाव ऐकू येत नाही. ठेवा आणि परत करा."

"आँटी?" वकील सावरून बसला. "म्हणजे नातेवाईक?"

"नाही. आम्ही वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आँटी म्हणतो. तुमच्या आईलाही म्हणेन."

मार्लीनने टेप बंद केली. सुजाताची नोकरी राहिली. पण त्या दिवसापासून मार्लीन तिच्यासमोर कपाटाला कुलूप लावू लागली.

टी-शर्टच्या फोनात दिगंबरकाका सापडले होते. त्यांचा फोन सुजाताने घेतलाच नव्हता, शेजारच्या मुलीने घेतला होता. त्यांना वकिलाची नोटीस गेली, दंड झाला, आणि महिन्याभरात मंडळात बातमी पक्की झाली: गजभियेबाईंनी चुगली केली. बॉक्स बघून गेली होती ना त्या दिवशी! गणपतीला ती आणि लहू ज्या टेबलावर बसले तिथे दुसरं कुणी बसलं नाही. लहूने पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "चल, आज घरी लवकर जाऊ."

मावशींकडे ती त्या फोननंतर आठवड्याभरात गेली होती. टीव्हीवर बॉक्सच्या जागी फुलदाणी ठेवलेली, खाली बॉक्सच्या आकाराचा बिनधुळीचा चौकोन. मावशींनी चहा दिला. सुजाताने तो प्यायला. दोघी हवेबद्दल बोलल्या. एकीने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही. त्यानंतर मावशी तिच्याशी फार नीट वागू लागल्या, पाहुण्याशी वागावं तशा. आपल्या मनात काय असेल याची त्यांना भीती वाटते, हे सुजाताला दिसत होतं. मावशी गेल्या तोवर ती भीती गेली नाही.

आणि अतुल? तो काही मागेल याची ती वाट बघत राहिली. त्याने एकदा विमानतळावर सोडायला सांगितलं. ती मनात म्हणाली, आता. तो बॅग उचलून 'थँक्स वहिनी' म्हणाला आणि आत गेला. त्याला नॉर्थ कॅरोलायनात नोकरी लागली. दर नव्या वर्षाला त्याचं ग्रीटिंग कार्ड यायचं. त्यातल्या दोन ओळी ती पुन्हा पुन्हा वाचायची.

"तो माझ्यासाठी खोटं बोलला," ती लहूला म्हणायची. "का?"

"माणूस चांगला असू शकतो, सुजाता."

"कशासाठी?"

कार्डाला उत्तर मात्र ती न चुकता पाठवायची. असा माणूस दुखावलेला बरा नाही.

इकडे पे-पर-व्ह्यूची हवा हळूहळू गेली. आधी ऑर्डर मशीन घेऊ लागलं, फोनवरच्या बायका घरी गेल्या. मग रिमोटचं बटण आलं. सूझनला कुणी विचारेना. छपरांवर डिश लागल्या, व्हिडिओची दुकानं निघाली आणि बुडाली, पुढे सगळं इंटरनेटवर आलं. चोरी पकडणारा विभाग एका शुक्रवारी बंद झाला. मार्लीनने पेटीत आपली कुंडी भरली आणि जाताना म्हणाली, "ती टेप. तू तिला सावध केलंस ना?"

"लाइन खराब होती," सुजाता म्हणाली.

मार्लीन हसली आणि गेली.

गजभिये पुढे कोलंबसजवळच्या डब्लिन नावाच्या उपनगरात घर घेऊन राहिले. सुजाताने शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, रिटायर झाली. मुलगी दीक्षा औषध कंपनीत लागली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला गेली. दोन वर्षांपूर्वी सुजाता तिच्याकडे गेली असताना दीक्षा म्हणाली, "आई, तुझे ते कार्डवाले अतुलकाका इथेच राहतात. बायपास झालीय. वी शुड गो."

अतुल खुर्चीत शाल घेऊन बसला होता. वाळलेला, पण हसू तेच. दीक्षा त्याच्या बायकोबरोबर बाग बघायला गेली. सुजाताने पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?"

कुठला दिवस, असं त्याने विचारलं नाही.

"मावशींच्या बॉक्समध्ये चिप मी बसवली होती, वहिनी," तो म्हणाला. "टेपवर पहिला शब्द आला आणि मी आवाज ओळखला. मावशी सापडल्या असत्या तर पुढचं नाव माझं होतं. स्टुडंट व्हिसा होता. मी स्वतःला वाचवलं."

सुजाताच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. म्हणजे आपला संशय खरा होता. तो चांगुलपणा नव्हताच. तिला इतकं हलकं वाटलं की तिचीच तिला लाज वाटली.

"आणि कार्डं?"

"तुम्ही चोरी पकडायच्या ऑफिसात होता. मला वाटायचं, तुम्हाला सगळं माहीत आहे, कधीतरी सांगाल. कार्डाला उत्तर आलं की वर्षभर बरं वाटायचं."

ती त्याला घाबरून उत्तर लिहीत होती आणि तो तिला घाबरून कार्ड पाठवत होता. अतुलला आधी हसू आलं, मग टाके दुखले म्हणून तो छातीला हात लावून थांबला. सुजाता हसली नाही. तिला दुसरंच काही सुचलं होतं.

"दिगंबरकाकांचा बॉक्स?"

"तोही मीच केलेला."

"आणि चुगली मी केली असं सगळे म्हणत होते, तेव्हा तुम्ही तिथेच होता."

"हो."

"गप्प होता."

"हो, वहिनी."

तिने त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. "काका आहेत अजून. नव्वदीला आलेत, पण कान शाबूत आहेत. करा. स्पीकरवर ठेवा."

अतुलने लावला. काकांनी उचलला. अतुलने अडखळत सगळं सांगितलं: फोन तुम्ही स्वतः केलात काका, ती टी-शर्टची जाहिरात सापळा होती, सुजातावहिनींनी काही केलं नव्हतं.

पलीकडून खोकला आला. "अरे, ते मला तेव्हाच कळलं होतं. नोटिशीत लिहिलेलं होतं की मीच फोन केला म्हणून. पण लोकांना काय सांगणार, फुकटच्या टी-शर्टासाठी फसलो? तिचं नाव घेणं सोपं होतं."

"काका, मी सुजाता," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

मग काका म्हणाले, "परत आलीस की ये घरी. बोलू."

"घरी नको. सगळ्यांसमोर सांगा."

मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम कोलंबसमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. काका काठी टेकत माइकपाशी गेले. फार वर्षांपूर्वी गजभियेबाईंबद्दल एक गैरसमज झाला होता, असं त्यांनी सांगितलं, आणि ते परत वळले.

सुजाता जागेवरून उठली. लहूने तिला थांबवायला हात धरला नाही.

"गैरसमज नव्हता, काका," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

काकांनी मान खाली घातली. "माहीत होतं," ते माइकशिवायच म्हणाले, पण पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. जुनी माणसं ताटाकडे बघू लागली. मागच्या टेबलांवरची नवी मंडळी, अलीकडे नोकरीला आलेली, गोंधळून एकमेकांना विचारत होती. "व्हॉट इज शी सेइंग? केबल बॉक्स म्हणजे?" एकीने नवऱ्याला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

जेवणाच्या रांगेत गिरिजाकाकू सुजातापाशी आल्या. त्यांनी तिच्या ताटात स्वतःच्या हाताने श्रीखंड वाढलं, थोडं जास्तच, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"आमच्या टेबलावर ये ना," त्या म्हणाल्या.

सुजाताने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. लाज होती का, की चार लोक बघतायत म्हणून? तिला ठरवता येईना. लहू ताट घेऊन आधीच निघाला होता, खुर्ची ओढत होता. ती त्याच्या मागे गेली आणि काकूंच्या समोर बसली, म्हणजे चेहरा दिसत राहील.